काट्याला न कळलेलं

मित्रांनो, मी एक जुनी दंडपट्टी आहे. हातभर प्लॅस्टिक, लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग आणि एक इवलीशी खिडकी, एवढाच माझा संसार. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती मला गुंडाळलं की खिडकीत एक रंग दिसतो. हिरवा म्हणजे अंगावर मांस आहे, पिवळा म्हणजे जपायला हवं, लाल म्हणजे लेकरू आतून सुकतंय.

मलावीतल्या एका इस्पितळात, कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात माझी सारी हयात गेली. तिथे मान होता टांगत्या वजनकाट्याला. माझ्या कितीतरी बहिणी फायलींत खुणेला लागल्या, एकीने तर खिडकीची कडी बांधली. मला मात्र सिस्टर तिसुंगे खिशात घेऊन फिरायची. तिथले डॉक्टर कुम्वेंडा अभ्यास करत होते: प्रत्येक मुलाचं वजनही करायचं आणि दंडही मोजायचा, मग ऑपरेशन कोणाला चांगलं सोसतं ते बघायचं.

एके दिवशी तीन वर्षांचा लिंबानी आला. मूत्रपिंडावर गाठ, पोट घागरीएवढं. काट्याने चौदा किलो दाखवले, म्हणजे झकासच की! मी दंडाला लागले आणि थेट लालावर थांबले. अभिमान वाटला मला, आणि वाईटही वाटलं. औषधाने गाठ आक्रसली की ऑपरेशन, असं ठरलं. तोवर शेंगदाण्याचा कूट घातलेली मक्याची पेज दिवसातून चार वेळा. ती माझ्यामुळे, बरं का.

तिसऱ्या आठवड्यात काटा दीड किलोने उतरला. लिंबानीच्या आईने ते पाहिलं, इस्पितळाच्या अंगणातल्या चुलीवरचं पेजेचं पातेलं उतरवलं आणि गाठोडं बांधलं. औषध माझ्या पोराला खातंय, मरायचंच असेल तर घरी मरू दे, म्हणाली. तिसुंगेचा चेहरा पडला. आत्ता घरी नेलं तर गाठ पुन्हा वाढणार आणि मूल हातचं जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"माई, काट्याने पोराबरोबर गाठही तोलली होती. उतरली ती गाठ. दंड बघा, दंड भरतोय."

"पट्टी तुमच्या हातात," आई म्हणाली. "बाजारातला कापडवाला ओढतो तशी ओढलीत की हवा तो रंग येईल."

माप शिकवलेल्या हातांनीच घ्यायचं, असा अभ्यासाचा नियम होता. तिसुंगेने तो खुशाल मोडला आणि मला आईच्या हातात दिलं. "मग तुम्हीच मोजा."

मका कांडून तिचे हात खरखरीत झाले होते. पहिल्यांदा मी सैल बसले आणि खिडकीत हिरवा आला. आईच पुटपुटली, "एवढा काही धट्टाकट्टा नाहीये मेला." तिने मला नीट ओढलं. पिवळा.

"पहिल्या दिवशी काय होता?"

"लाल."

आईने गाठोडं सोडलं आणि पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.

ऑपरेशन झालं, जखमही छान भरली. तिसुंगेने नियम मोडल्याचं डॉक्टरांना सांगून टाकलं, थोडी बोलणीही खाल्ली. पण मग डॉक्टरांनी बाकीच्या आयांनाही मोजायला लावलं, त्यांची मापं सिस्टरांच्या मापांशी ताडून पाहिली, आणि जवळजवळ सगळी जुळली. तेव्हापासून आमच्या वॉर्डात दंड आयाच मोजतात. याचा मला केवढा तोरा आहे म्हणून सांगू!

आता माझे रंग उडालेत आणि मी ताणले गेलेय. ताणलेली पट्टी खोटं बोलते, म्हणून तिसुंगेने मला कामावरून काढलं. योग्यच केलं.

परवा लिंबानी तपासणीला आला. सहा वर्षांचा झालाय. आईने गंमत म्हणून मला त्याच्या दंडाला लावलं. त्या वयाला माझे रंग लागूच पडत नाहीत, अगदी कुचकामी ठरले मी. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मला जपा असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. फक्त एखाद्या लेकराचं मोठं पोट बघून ते खातंपितं आहे असं समजू नका. त्याचा दंड एकदा आपल्या हातात घेऊन बघा.