जोडलेला नंबर

सुचित्रानं अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा त्या काचेवर टेकवला. काचेखालचा लाल दिवा लागला, थोडा वेळ राहिला आणि विझला.

"होच्छे ना, मासिमा," काउंटरपलीकडची मुलगी बंगालीत म्हणाली. मग हिच्या चेहऱ्याकडे बघून हिंदीवर आली. "थोड़ा ज़ोर से दबाइए."

सुचित्रानं जोर लावला. अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसऱ्या हाताचीही बोटं झाली. यंत्र काही तिला ओळखायला तयार नव्हतं. जन्मभर भांडी घासून आणि चिंचा कोळून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या असतील, हे तिला कळत होतं. यंत्राला कोण सांगणार?

"नंबर ही तो बदलना है," ती अजिजीनं म्हणाली. "पुराना निकालके मेरा डालना है, बस."

"पुराना किसका है?"

"मेरे मिस्टर का."

"तो ओटीपी उनसे पूछ लीजिए ना! घर का ही तो नंबर है." मुलगी हसली. तिच्या हसण्यात वाकडं काहीच नव्हतं. "काम क्या है?"

काम काय आहे, हे सुचित्रा एस्प्लनेडमधल्या त्या गर्दीतच काय, कुठेच सांगू शकली नसती. सॉल्ट लेकमध्ये घराजवळही असलं ओळखपत्राचं केंद्र होतं. पण तिथे नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून ती मेट्रोनं इतक्या लांब आली होती.

तिचे यजमान अविनाश खांबेटे सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. इंदूर, भुवनेश्वर, लखनौ आणि आता कलकत्ता. दर बदलीला घर बदलायचं, गॅस बदलायचा आणि सुचित्राचं सिम बदलायचं. खांबेट्यांचा नंबर मात्र ऑफिसच्या कृपेनं कायमचा. त्यामुळे ओळखपत्रं काढायची वेळ आली तेव्हा सगळ्या घराला त्यांनी आपलाच नंबर जोडून टाकला. बदलीवाल्या सगळ्याच घरांत असंच करत, आणि त्यात शहाणपणाही होता. मुलीनं, शर्वरीनं, नोकरी लागल्याबरोबर स्वतःचा नंबर जोडून घेतला, तेव्हा खांबेटे दोन दिवस घुश्शात होते. सुचित्राला तशी गरजच कधी पडली नव्हती. तिचा गॅस, तिची बँक, तिच्या रक्ताचे रिपोर्ट, सगळ्याचे आकडे त्यांच्या फोनवर यायचे आणि ते सोफ्यावर बसून खणखणीत आवाजात वाचून दाखवायचे.

एकच गोष्ट तेवढी त्यांच्या फोनवर येत नव्हती. इंटरनेटवर बायकांचा एक कट्टा होता, 'कोनाडा' नावाचा. तिथे मराठी बायका टोपणनावानं लिहायच्या. सुचित्रा तिथे 'चिंचगूळ' होती. ज्या गावात दुपारभर मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथे ती जेवणं उरकल्यावर ओट्याशी उभी राहून फोनवर लिहायची. 'नवरा वाईट असता तर बरं झालं असतं,' असं तिनं एकदा लिहिलं होतं, 'निदान तक्रार तरी करता आली असती. चांगल्या माणसाखाली दबलेल्या बाईला कोण विचारतं?' त्यावर कुठल्याशा गावच्या 'माजघर' नावाच्या बाईनं लिहिलं, 'मी विचारते. बोल.' आणि सुचित्रा बोलत सुटली होती. सासरचं, माहेरचं, अंथरुणातलं, न झालेल्या दुसऱ्या मुलाचं. माजघरचं खरं नाव, गाव, चेहरा, काहीही तिला ठाऊक नव्हतं. तरी सख्ख्या बहिणीहून ती जवळची झाली होती.

आता नवा नियम आला होता. अठरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींनी भलत्या ठिकाणी जाऊ नये, म्हणून प्रत्येकीनं आपलं वय ओळखपत्रानं सिद्ध करायचं. उद्या रात्रीपर्यंत केलं नाही, तर खातं बंद. पन्नाशी उलटलेल्या बाईनं आपण अठराच्या वर आहोत हे सिद्ध करायचं, यावर कट्ट्यावर आधी खूप हसणं झालं. मग हसणं थांबलं. वय पडताळण्याचा ओटीपी ओळखपत्राला जोडलेल्या नंबरवर जाणार होता, आणि त्या मेसेजमध्ये कट्ट्याचं नाव लिहिलेलं असणार होतं. किती जणींचे नंबर नवऱ्यांचे होते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. एकेक जण नुसतं 'येते गं' लिहून नाहीशी होऊ लागली.

खांबेट्यांचा फोन हळूच घ्यावा, तर तो अंघोळीलासुद्धा त्यांच्याबरोबर जायचा. आणि त्यांनी नाव वाचलं असतं तर कट्टा उघडून पाहिलाच असता. बदल्यांची गावं, बँक, एकुलती मुलगी. चिंचगूळ कोण, हे ओळखायला त्यांना चहा गार होईपर्यंतही वेळ लागला नसता.

गंमत अशी, की पाळतीची धास्ती घरात सगळ्यात जास्त त्यांनाच होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी सुचित्राचीच एक टिकली चिकटवून ठेवली होती. "आपण काय खातो, कुठे जातो, सगळं वर कळतं हो," असं ते पाहुण्यांना पोटतिडकीनं सांगायचे. सुचित्रा तेव्हा पाहुण्यांना पोहे वाढत असायची.

"कल सुबह आइए," मुलगी म्हणाली. "रात को हाथ में तेल लगाइए. ठीक से आ जाएगा. एक मिनट का काम है."

उद्या सकाळी म्हणजे वेळ होता. मेट्रोत सुचित्राला बसायला जागा मिळाली आणि तिनं माजघरला लिहिलं, 'उद्या होईल. जाऊ नकोस.' लगेच उत्तर आलं, 'मी कुठे जाते? माझं झालंय. नवरा वारला ना, नंबर माझाच आहे.' सुचित्राला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन तिनं कोमट खोबरेल बोटांना चोळलं. बऱ्याच वर्षांत तिनं स्वतःच्या हातांकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

खांबेटे लवकर आले. बूटही न काढता हॉलमध्ये उभे राहिले. फोन त्यांच्या हातात होता.

"दुपारी कुठे गेली होतीस?"

सुचित्रानं तेलकट हात पदराआड घेतले.

"का हो?"

"सांग ना. घरीच होतीस?"

खरं सांगायला तोंड उघडावं, तर पुढचा प्रश्न 'कशासाठी' हाच येणार होता, आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न तिला दिसत होते.

"घरीच होते," ती म्हणाली. "कुठे जाणार मी?"

"वाटलंच मला!" खांबेट्यांनी कपाळ पुसलं. "अगं, तुझ्या नावावर कुणीतरी बोटं लावत बसलं होतं. एस्प्लनेडला. मला मेसेजवर मेसेज. जुळलं नाही, जुळलं नाही. नंबर बदलायला निघाला होता चोर. मिटिंगमधून उठून आलो मी."

ते सोफ्यावर टेकले आणि फोनवर काहीतरी दाबू लागले. सुचित्रा समोर उभी होती. 'थांबा' एवढा एकच शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा. आणि तोंड दाबणारा हात तिचा स्वतःचाच.

"झालं. तुझे ठसे लॉक केले," ते म्हणाले. "आता कुणी कितीही बोटं लावू देत. तू स्वतः गेलीस तरी उघडणार नाही."

"मग उघडायचं कसं?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा आला, याचंच तिला नवल वाटलं.

"माझ्या फोनवर कोड येतो ना. कधी लागलं तर मला सांगायचं." त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं. "घाबरलीस होय? अगं, तुझं सगळं माझ्याकडे आहे. कुणाच्या हाती लागू देतो का मी?"

"नाही," सुचित्रा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.