किल्ली आतल्या बाजूला

मी बोलतोय तो एका लाकडी फळीवरून. किल्लीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत ही फळी भिंतीला टेकून उभी असते. तिच्यावर ओळीनं आठ कुलपं बसवली आहेत आणि त्यांतलं शेवटचं, सगळ्यांत अवघड म्हणून नावाजलेलं कुलूप म्हणजे मी. दर रविवारी सकाळी इथे कुलूप उघडायला शिकणारी माणसं येतात. काही हौशी असतात, काही या धंद्यात नव्यानं शिरलेली असतात. सातांशी खेळून झालं की सगळ्यांची नजर माझ्यावर येते आणि प्रश्न ठरलेला.

"हे उघडायला किती वेळ लागतो हो?"

"जेवढी घाई, तेवढा जास्त," किल्लीवाला म्हणतो.

"व्हिडिओत तर दोन मिनिटांत उघडतात."

"व्हिडिओतलं कुलूप टेबलावर असतं. दाराला नसतं."

मग ते हातातल्या तारा माझ्या पोटात घालतात आणि नको तितका जोर लावतात. नवशिक्यांचं हे असंच. याचं कुणालाही हसू येईल. मला येत नाही, कारण हाच प्रश्न मी एका बाईच्या तोंडून अकरा रविवार ऐकला आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या किल्लीला साधे दाते नाहीत, दोन्ही अंगांना लहानमोठे खळगे आहेत. तिची जोडकिल्ली करायची, तर माझ्याबरोबर आलेलं कार्ड दाखवावं लागतं. थोडक्यात काय, मी बराच शेफारलेला होतो. चोरानं माझ्याकडे बघावं आणि निमूटपणे पुढच्या दाराकडे वळावं, एवढीच माझी आयुष्याची कल्पना.

त्या बाईनं मला घेतलं ते तिच्या वडिलांसाठी. म्हातारा शिंपी, बायको गेल्यापासून एकटाच राहणारा. दार उघडं टाकून खाली दूध आणायला जायचा. लेकीनं नवं मजबूत दार बसवून घेतलं आणि त्यात मला.

"एवढं काय आहे घरात चोरण्यासारखं? माझी कात्री?" म्हातारा म्हणाला.

"तुम्ही आहात ना बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला फडक्यानं पुसलं.

माणूस भारी टापटिपीचा. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेली, त्यामुळे स्वतः गबाळं दिसणं त्याला खपायचं नाही. बेल वाजली की आधी आरशासमोर जायचा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावायचा, केसांवरून हात फिरवायचा आणि मगच दार उघडायचा. कुरिअरवाले बाहेर ताटकळायचे. "आलो, आलो," तो आतून सांगत राहायचा आणि यायचा मात्र सावकाश.

चष्मा आणि किल्ली हरवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. म्हणून त्यानं एक सोय काढली. रात्रंदिवस किल्ली माझ्यातच, आतल्या बाजूनं फिरवून तशीच लटकती ठेवायची. शोधायला नको. आता माझी जात अशी, की आतून किल्ली घातलेली असली तर बाहेरून दुसरी किल्ली पुरती शिरत नाही. मला हे ठाऊक होतं, त्याला नव्हतं. आणि मी, कुलूप, सांगणार कसा?

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो न्हाणीघरात घसरला. डोकं भिंतीवर आपटलं. तसाच सरपटत बाहेरच्या खोलीपर्यंत आला. लेकीचा फोन वाजत राहिला, तो उचलू शकला नाही. थोड्या वेळानं लेक धावतपळत दाराशी आली.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही गं. पाय घसरला. थांब जरा, येतो."

तिनं आपली किल्ली माझ्यात घातली. ती अर्ध्यावर अडली. तिनं ढकलली, हलवली, पुन्हा घातली. मी हललो नाही. ज्यासाठी मला घडवलं होतं, तेच मी चोख बजावत होतो.

वरच्या मजल्यावरचा शेजारी पहार घेऊन आला. "बाजूला व्हा ताई, दोन घाव घालतो."

आतून म्हातारा ओरडला, "दार फोडू नका. मी उघडतो. पाचच मिनिटं."

लेकीनं शेजाऱ्याचा हात धरला. "थांबा. नाही म्हणतायत ते." आणि तिनं किल्लीवाल्याला फोन लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता.

आत काय चाललं होतं ते फक्त मी पाहिलं. म्हातारा दाराकडे येतच नव्हता. त्याची माझ्याकडे पाठ होती. त्याचा पायजमा ओला झाला होता, पाण्यानं नव्हे. तो खुर्चीवरच्या घडी घातलेल्या पँटकडे सरकत होता. लेक आली होती, शेजारी आला होता, आणि त्यांच्यासमोर तसं जायचं नव्हतं त्याला. पँट त्यानं ओढून खाली घेतली. एक पाय त्यात घालायला बघत होता. बाहेरून ती विचारत राहिली, तो "आलो, आलो" म्हणत राहिला. मग म्हणेनासा झाला.

तेवढ्यात किल्लीवाला आला, वाकून बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि म्हणाला, "किल्ली आत आहे. फोडा."

दार पडलं. गर्दी आत शिरली. कुणीतरी वाटेत पायाखाली येणारी पँट उचलून परत खुर्चीवर टाकली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित...

तो अर्धा तास त्या लेकीच्या मानगुटीवर बसला. तुटक्या दारातून तिनं मला काढून घेतलं आणि पिशवीत घालून इथे आली. "मला हे उघडायला शिकवा," एवढंच म्हणाली. ती इतरांसारखी जोर लावायची नाही. डोळे मिटून, श्वास रोखून बसायची. अकराव्या रविवारी मी उघडलो. तिनं घड्याळ पाहिलं.

"बावीस मिनिटं. त्या दिवशी मला हे येत असतं, तर?"

किल्लीवाल्यानं हातातली कानस खाली ठेवली. "तरी नसतं उघडलं. आतून किल्ली होती. मलाही जमलं नसतं. आतून किल्ली असली तरी बाहेरून उघडणारी कुलपंही मिळतात."

"दुकानदारानं विचारलं होतं. मी म्हटलं, तसलं काही नको, मजबूत द्या." आणि तिनं विचारलं, "मग इतके रविवार मला कशाला शिकवलंत?"

"तुम्हाला काहीतरी करायचं होतं. नाही कसं म्हणू?"

तिनं हातातल्या तारा पुसून त्याला परत दिल्या. मग म्हणाली, "दारासाठी जीव घालवला हो त्यांनी. मी हौसेनं बसवून दिलेलं दार, ते मोडू नये म्हणून. आणि मी ऐकलं त्यांचं."

नाही गं बाई, दारासाठी नाही. माझ्या पोटात एवढ्या पिना, एवढ्या स्प्रिंगा, आणि हे एवढं सांगायला जीभ नाही. ती मला इथेच ठेवून गेली. पुन्हा आली नाही.

तुमचं कुणी एकटं राहत असेल, तर त्यांना आजच, हसतखेळत, सांगून ठेवा. म्हणावं, कधी पडलात तर आम्ही दार फोडून येऊ, आणि तुम्ही असाल तसे आम्हाला चालाल.