मागून आलेलं उत्तर

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत. नवऱ्याच्या दोन वर्षं आधी ती तिथे लागली होती, त्याचा अर्ज तिनेच पुढे सरकवला होता. पण तो रुजू झाला, आठवड्याभरात सगळ्यांचा दादा झाला आणि ती आपसूक वहिनी झाली. तेव्हा तिला त्याचं हसू आलं होतं.

कंपनी रुग्णवाहिकांची होती. फोन घेणारी बाई दिवसभर एका स्क्रीनसमोर बसे. कोणती गाडी मोकळी, कोणती पेशंट घेऊन निघालेली, हे त्या स्क्रीनवर आपोआप बदलत राही. पान पुन्हा उघडावं लागत नसे. ते पान गुपचूप सर्व्हरला विचारत राही आणि सर्व्हर उत्तर धाडत राही. पान नवऱ्याने केलेलं, सर्व्हरचं काम तिचं.

अडचण एकच होती. पान पहिल्या उत्तरासाठी थांबत नसे, दुसरा प्रश्न टाकून मोकळं होई. नेट रडत असलं की आधीचं उत्तर वाटेत रेंगाळे आणि नंतरच्याच्या मागून येऊन पोचे. पान बिचारं जे शेवटी आलं तेच खरं धरी. म्हणून तिने प्रत्येक उत्तरावर चढता क्रमांक घातला होता.

"मागचा क्रमांक आला तर टाकून दे," तिने नवऱ्याला सांगितलं होतं. "चार ओळींचं काम आहे."

"बघतो गं," तो म्हणाला होता. पुढच्या महिन्यातही तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "घरी पण सर्व्हर, इथे पण सर्व्हर. जरा श्वास घेऊ दे."

मग एका दुपारी एका शिंप्याने आईसाठी फोन केला. म्हातारीच्या छातीत कळ आली होती. बाईने स्क्रीन पाहिली, जवळची गाडी मोकळी दिसली, ती तिने लावून दिली. ती गाडी खरं तर नुकतीच दुसरा पेशंट घेऊन निघाली होती. घोळ लक्षात येऊन लांबची गाडी पाठवेपर्यंत उशीर झाला. शिंप्याने आईला खुर्चीत बसवून खाली फाटकापाशी आणून ठेवलं होतं. तिथेच ती गेली.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. फोनवाल्या बाईचे डोळे सुजले होते.

"दादा, स्क्रीनवर चुकीचं दिसलंच कसं?"

"सर्व्हरकडून जे आलं, तेच स्क्रीनने दाखवलं, साहेब," नवरा म्हणाला.

शब्दशः खरं होतं ते. आता तो पुढचं वाक्य बोलेल म्हणून ती थांबली. तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

शेवटी तीच म्हणाली, "उत्तर जुनं होतं, साहेब. वाटेत अडकून मागून आलं. त्यावर क्रमांक होता, तो पानाने बघायला हवा होता."

"पण जुनं उत्तर पाठवलं कोणी? तुम्हीच ना?"

"पाठवलं तेव्हा ते जुनं नव्हतं."

"वहिनी, घरचं भांडण घरी," साहेब म्हणाले, आणि दोघे-तिघे हसले. माणूस गेलं होतं, तरी हसले. नवऱ्याने मान वर केली नाही.

तिचा करार पुढे वाढला नाही. हिशेबनीसाने निरोप दिला, "वहिनी, थोडी विश्रांती घ्या."

घरी नवरा बराच वेळ चपला सरळ करत दाराशी उभा राहिला. "माझी नोकरी कायमची आहे, तुझा करार आज ना उद्या संपणारच होता. माझी गेली असती तर दोघंही घरी बसलो असतो. तू समजून घेशील असं वाटलं."

"मला विचारलं असतंस तर कदाचित घेतलंही असतं."

भांडी घासून झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. "ते क्रमांकाचं नेमकं कुठे तपासायचं?"

उठून जावं, असं तिच्या मनात आलं. पण उद्या पुन्हा कुणीतरी फाटकापाशी खुर्चीत बसलेलं असणार होतं, आणि फोनवाली बाई पुन्हा त्याच स्क्रीनकडे बघणार होती. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ओळी लिहून दिल्या. नेट मुद्दाम मंद करून जुनं उत्तर मागून येऊ दिलं, पानाने ते टाकून दिलेलं दोनदा पाहिलं, मगच लॅपटॉप परत केला. "थँक्स," तो म्हणाला. त्या रात्रीपासून ती बाहेरच्या खोलीत झोपू लागली.

महिनाभराने तो विभागाचा प्रमुख झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली म्हणे. चूक दुसऱ्याची आणि निस्तरली याने. हे तिला फोनवाल्या बाईने कळवलं, आणि वर विचारलं, "वहिनी, तुम्ही बोलत का नाही?"

"बोलले होते," ती म्हणाली.

दुसरीकडे मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीत?"

"घरगुती कारण," तिने सांगितलं. बाईंनी समजुतीने मान हलवली आणि मुलं किती, असं विचारलं.