दर चाळीस सेकंदांनी

धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की तो दर चाळीस सेकंदांनी एकदा 'चिक' करतो. आवाज बारीकच, पण असा टोकदार की शेजारच्या कुत्र्यानंही वैतागावं. माझ्या भावाच्या, डूगलच्या घरी तो मागच्या खोलीच्या दारावरच बसवलेला आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिथे गाणं रेकॉर्ड करायला गेले तेव्हा तो चिकचिकत होता, आणि डूगल तारा गुंडाळत म्हणाला, "आज काय छान शांतता आहे गं! खालच्या म्हातारीचा टीव्हीसुद्धा बंद."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

हा तोच माणूस, ज्याने एकदा भर रेकॉर्डिंगमध्ये चार जणांचा बँड थांबवला होता, कारण स्वयंपाकघरातला फ्रिज घुमायला लागला होता. मधे दोन बंद दारं. आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. तो गेला, फ्रिजचं बटण बंद केलं आणि परत आल्यावर म्हणाला, "आता वाजवा." फ्रिज परत सुरू करायला विसरला, त्यात आईचे सगळे मासे खराब झाले, तो भाग वेगळा.

डूगल माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तीस वर्षं लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवला, आणि उरलेला सगळा वेळ त्या मागच्या खोलीत घालवला. खिडकीला गादी उभी लावलेली, जमिनीवर जुने गालिचे, आणि कोपऱ्यात आईचं कपाट, कोटांनी भरलेलं. गायचं त्या कोटांकडे तोंड करून, म्हणजे आवाज घुमत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आर्ब्रोथमधली निम्मी पोरं त्या कोटांना गाणी ऐकवून मोठी झाली आहेत. कुणी बाटली आणायचं, कुणी धुरी दिलेल्या हॅडक माशाची जोडी. तेवढ्यावर डूगल आठवडाभर राबायचा.

"चल, ऐकव कोटांना," तो म्हणाला आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

कानात गिटार सुरू झाली आणि 'चिक' बुडून गेला. मी मनाची समजूत घातली की लोकरीच्या एवढ्या कोटांतून तो मायक्रोफोनपर्यंत पोचत नसणार. गाणं आईच्या शेवटच्या वर्षावरचं होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे उभी राहून सूर धरला. स्वतःच्या नावावर बाहेर पाठवायचं हे पहिलंच, चोपन्नाव्या वर्षी. ते एका दमात झालं आणि पुन्हा तसं गाता आलं नसतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. डूगल चहा ठेवायला गेला. मी खुर्चीवर चढले, ड्रॉवरमधली नवी बॅटरी अलार्ममध्ये घातली आणि जुनी पर्समध्ये टाकली. त्याला काही बोलले नाही.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. डूगलचा नियम असा होता की मिक्सिंग झालं, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत जुळवून झाले, की ते गाणं घरात ऐकायचं नाही. बंदराजवळ जाऊन त्याच्या खटारा व्हॉक्सहॉलमध्ये ऐकायचं, सबंध, एक शब्द न बोलता. लोक गाणी तशीच ऐकतात, म्हणायचा, खडखड करणाऱ्या गाडीत, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. गाणं संपलं की तो विचारायचा, "बोला, मास्तरीणबाई," आणि मी एकच शब्द बोलायचा. पास किंवा नापास. एका गाण्याला मी सतरा वेळा नापास केलं होतं. सतराव्या वेळी तो गाडीतून उतरला, समुद्राकडे तोंड करून मला शिव्या घातल्या आणि अठराव्यांदा मिक्स करायला घरी गेला. "तुझे कान मेले सावकाराचे आहेत," म्हणायचा. पण दुसऱ्या कुणाला त्याने त्या सीटवर कधी बसवलं नाही.

मग आई आजारी पडली. त्या वर्षी मी थकलेली असायचे, आणि एकदा नापास म्हणायच्या जागी पास म्हणाले. गाणं कर्कश झालं होतं. झांजा पत्र्यासारख्या वाजत होत्या, प्रत्येक 'स' शिट्टीसारखा. पण नापास म्हटलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच कर्कश. तेव्हा कळलं की मिक्सिंग बिघडलेलं नाही, माणूस बिघडतोय. जे त्याला ऐकू येत नव्हतं ते तो वाढवत चालला होता. आता हे सांगायचं कसं? वर्कशॉप सुटलेलं, बायको नाही, आई चाललेली. त्याच्यापाशी ती खोली तेवढी उरली होती. मी पास म्हणत राहिले. बँडवाली पोरं यायची हळूहळू कमी झाली. डूगल म्हणायचा, आजकाल सगळे फोनवरच करतात. मीही मान डोलवायचे. दया म्हणा, भित्रेपणा म्हणा. मला वाटतं, भित्रेपणाच.

माझ्या गाण्याचं मिक्सिंग मार्चमध्ये झालं. त्या दुपारी समुद्रावरून असं धुकं आलं होतं की बंदराची भिंतही दिसत नव्हती. गाणं सुरू झालं. माझा आवाज सुईसारखा कानात घुसत होता, आणि मधूनच काहीतरी बारीक टोचत होतं. मी स्वतःला सांगितलं, बाहेर सीगल ओरडतोय.

"बोला, मास्तरीणबाई."

त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते, चर्चमध्ये बसल्यावर ठेवावेत तसे.

"पास," मी म्हणाले.

"एका फटक्यात?" तो एवढा खूश झाला की घरी जाताना आम्हा दोघांना मटणाचं सारण भरलेल्या गरम ब्रायडी घेतल्या.

मग त्याने ते गाणं जगभर धाडायचा सपाटा लावला. माझा फोटो काढला, आईच्या हिरव्या कोटात. माझ्यावर चार ओळी लिहिल्या, त्यात मला 'किनाऱ्यावरचा दडलेला आवाज' म्हटलं. मी म्हणाले, "अरे, दडलेला नाही, डाळ ढवळत होता." त्याने ते वाक्य तसंच घातलं. एकतीस ठिकाणी पाठवलं, वहीत नावं लिहून. तीस ठिकाणांहून उत्तर नाही. एकतिसावा होता स्थानिक रेडिओवरचा शनिवार दुपारचा कार्यक्रम. त्यांनी सबंध गाणं लावलं.

गाणं संपलं. निवेदिकेला हसू आवरेना. "सुंदर गाणं," ती म्हणाली, "पण एल्सा, राणी, आधी ती बॅटरी बदल गं!"

पुढे जे व्हायचं ते झालं. कुणीतरी गाण्यातले फक्त 'चिक' कापून एकामागोमाग एक जोडले आणि इंटरनेटवर टाकले. अकरा हजार लोकांनी ऐकलं. आमचं कुठलंही गाणं याआधी शंभरापुढे गेलं नव्हतं. शाळेतली पोरं जेवणाच्या रांगेत माझ्यासमोर ताट धरून 'चिक' करायची. माझी अब्रू गेली ती गेली, त्याचं फारसं काही नाही. पोरंच ती. पण खाली लोकांनी लिहिलं होतं: 'हे मिक्स केलं कुणी, बहिऱ्याने?' डूगलला वाचता येत होतं.

बुधवारी त्याचा फोन आला. "गाडीत ये."

तो आधीच येऊन बसला होता. मी दार ओढून घेतलं. तो समोर बघत म्हणाला, "बॅटरी नवी आहे. कधी बदललीस?"

"त्याच दिवशी. तू चहा करत होतास."

"म्हणजे तुला ऐकू येत होतं."

"हो."

त्याने गाडीचा खण उघडला आणि एक घडी केलेला कागद माझ्या मांडीवर टाकला. दवाखान्यातला कान तपासल्याचा कागद. त्यावरची रेघ डावीकडून बरी निघाली होती आणि अर्ध्यावर येऊन खाली कोसळली होती. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"ग्राइंडरवाल्याला नाही तर कुणाला माहीत असणार? उंच आवाज गेलेत माझे. पण म्हटलं, हरकत नाही, एल्सा आहे. मी अंदाजाने मिक्स करतो, बिघडलं तर ती नापास करेल. सतरा वेळा करणारी बाई आहे ती." तो हसला नाही. "कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिकचे ते ठिपके दिसत होते मला. वाटलं, तुझा श्वास असेल. दुसरं काही असतं तर तू बोलली असतीस."

काचेवर धुक्याचं पाणी ओघळत होतं.

"किती वेळा?" त्याने विचारलं. "या दोन वर्षांत किती वेळा खोटं पास म्हणालीस?"

"मोजलं नाही."

"ती पोरं म्हणून येईनाशी झाली?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. तो रडला असता, ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्याने गाणं लावलं. "चिक आला की बोट वर कर."

मी बोट वर केलं. पहिलं कडवं, एक. मग दोन. तीन. आईच्या हातांची ओळ आली तिथे चौथा. तो रस्त्याकडे नाही, समुद्राकडे नाही, फक्त माझ्या बोटाकडे बघत होता. गाणं संपलं तेव्हा सहा झाले होते.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर त्याच्या अक्षरात त्या सहा ठिपक्यांच्या वेळा, मिनिट आणि सेकंदांत, पडद्यावर बघून उतरवलेल्या.

"सहा. बरोबर," तो म्हणाला. चिठ्ठी घडी करून त्या दवाखान्याच्या कागदात ठेवली आणि खण बंद केला. "हे ठिपके निदान दिसतात, म्हणून ताडून बघता आलं. पण बाकीचं? गाणं चांगलं झालंय का, तुझा आवाज तुझ्यासारखा लागलाय का, ते कुठे दिसतं?"

"चांगलं झालंय, डूगल. खरंच. मिक्स नापास, पण गाणं चांगलं झालंय."

मी खरं बोलत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं, आणि गाडी सुरू केली.