पेटीतला दुपट्टा

अश्विनने दुसऱ्या डोळ्यात काजळ ओढलं आणि नेमका तेव्हाच लहानूभाऊंनी ब्रेक मारला. रेघ कानापर्यंत गेली.

"रस्ता हाये का धानाची बांधी," मागून बिरजू पुटपुटला आणि आपल्या पदराच्या टोकाने रेघ पुसू लागला.

सावली गावाहून पहाटे निघालेली जीप आलापल्लीच्या पुढे पंक्चर होऊन दोन तास अडकली होती. मंडईच्या जत्रेतली दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, दुपारी तीनला उभा राहायचा, म्हणून दोघेही चालत्या गाडीतच बाई झाले होते. बिरजूला दंडारीत बाईचं काम करून बावीस वर्षं झाली. साडी नेसणं, लचकणं, नुसतं पाठमोरं उभं राहून गर्दी गप्प करणं, अश्विन सगळं त्याच्याचकडून शिकला. पण आता लोकांना खऱ्या बाया लागतात. म्हणून यंदा दंडार चालवणाऱ्या लहानूभाऊंनी पोस्टरवर अश्विनचा फोटो टाकून खाली 'कु. रिना' छापलं होतं.

कोणत्या गावाला जायचं ते अश्विनला जीपमध्ये बसल्यावर कळलं. ते त्याच्या धाकट्या बहिणीचं, हर्षाचं सासर होतं. दोन वर्षांपूर्वी सोयरीक जुळताना मुलीचा भाऊ काय करतो असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा घरच्यांनी पुण्याच्या कंपनीत आहे म्हणून सांगून टाकलं. मग लग्नात त्या भावाला सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी अश्विन गावातच, चार घरं पलीकडे बसून बहिणीच्या मांडवातली बुद्धवंदना लाउडस्पीकरवर ऐकत होता.

"दंडार सरली का निंगू," बिरजू म्हणाला. "अन् एवढ्या पावडरीत तुले वळखते कोन?"

जीप थांबताच मंडई भरवणाऱ्या मंडळाचा विनोद धावत आला. गावाने पोस्टर फारच मनावर घेतलं होतं. बाकीच्यांची सोय शाळेत होती, पण लेडीज कलाकाराला शाळेत कसं उतरवायचं? तिच्यासाठी अंगणवाडीच्या कांताबाईंचं घर सांगून ठेवलं होतं. बिरजूकडे विनोदने एकदा पाहिलं. पावडरीतून दाढीची खुंटं वर आली होती. बिरजूची रवानगी शाळेत झाली.

अश्विनने लहानूभाऊंकडे पाहिलं. ते ढोलकीचं पोतं उतरवण्यात गुंतले. आता खरं बोललं तर दंडार इथेच मोडायची, हे दोघांनाही कळत होतं.

कांताबाईंच्या अंगणात हर्षा तांदूळ पाखडत बसली होती. तिने मान वर केली आणि सूप हातातच थांबलं. तिची सासू कांताबाई पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आल्या.

"बस बाई. कोन्या गावची?"

"सावलीकडची," अश्विन बारीक आवाजात म्हणाला.

"माही सून बी तिकडचीच."

कांताबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आधी रिनाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा रिनाकडे. शर्ट-पँटमध्ये अश्विन बापावर गेलेला दिसायचा. केस, काजळ आणि टिकली चढली की तो हुबेहूब हर्षा व्हायचा. गल्लीतल्या बाया तेच म्हणून हसायच्या. जीपमध्ये त्याला ते आठवलं नव्हतं.

"हर्षा, चहा ठेव," एवढंच त्या म्हणाल्या.

हर्षाने चहा आणला. ती वाकली.

"काऊन आलास, दादा? मले इथी राह्याचं हाये."

अश्विनने बशी दोन्ही हातांनी धरली. दारातून आतलं दिसत होतं. कांताबाई पाठ करून लोखंडी पेटीत काहीतरी शोधत होत्या.

तीनला ढोलकी कडाडली. जिलेबीची दुकानं ओस पडून गर्दी गोल बसली. अश्विन नाचत होता आणि बायांच्या रांगेत हर्षाला शोधत होता. ती नव्हती. मग बक्षिसाच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. चिठ्ठी आली की आधी माइकवर वाचायची आणि मग समजून घ्यायची, ही लहानूभाऊंची जुनी खोड.

"कांताबाई, अंगणवाडी, यांच्याकडून," लहानूभाऊ खणखणीत वाचू लागले, "माह्या सुनेचा भाऊ पहिल्यांदा घरी आला म्हणून..."

त्यांनी माइक खाली केला. ढोलकी थांबली. कोणीतरी म्हणालं, "म्हंजे रिना बाप्या होय?" पुरुषांच्या बाजूने शिट्टी आली, मागून हसू उसळलं. विनोद खुर्चीवरून उठला. अश्विनच्या पायातले घुंगरू एकदाच वाजले आणि गप्प झाले.

बायांच्या रांगेतून कांताबाई वाट काढत आल्या. हातात घडीचा दुपट्टा होता, सोयऱ्याला पहिल्या भेटीत पांघरतात तसा. घडीवर पिवळी रेघ पडली होती.

"बस रे विनोद," त्या चालता चालता म्हणाल्या.

विनोद बसला. मंडळातल्या निम्म्या पोरांनी त्यांच्याच हातची खिचडी खाल्ली होती.

त्यांनी दुपट्टा उलगडून रिनाच्या पदरावरून खांद्यावर टाकला.

"लग्नात तू दिसला नाईस," त्या म्हणाल्या. "तवापासून पेटीत पडून होता."

अश्विनला काय करावं सुचेना. पुरुषासारखे हात जोडावे की बाईसारखं वाकावं? तो तसाच अर्धवट झुकून राहिला. त्याच्या पायांपाशी कोणीतरी थांबलं, म्हणून त्याने मान वर केली. हर्षा होती. हाताला अजून तांदळाचा भुसा होता. घामाने त्याची टिकली भुवईवर सरकली होती. आरशासमोर स्वतःची करावी तशी तिने ती अंगठ्याने वर सरकवली.

"भात टाकला हाये," ती म्हणाली. "बिरजूभाऊले बी आन."

दोन पावलं जाऊन ती थांबली.

"दाढी करून ये म्हणा त्याले."