हातभर अंतरावरचा पिवळा

"पिवळ्यात एक दोष आहे," रंगबाई म्हणाली. "तो गाडीचा आकार खातो."

समोर बसलेल्या साठीच्या गृहस्थांनी मान हलवली. टेबलावर रंगाच्या नमुन्यांच्या तळहाताएवढ्या अकरा पाट्या मांडलेल्या होत्या. पत्र्याच्या, किंचित फुगीर, गाडीच्या बॉनेटचा तुकडा कापून आणावा तशा. त्यांतल्या तीन पिवळ्या होत्या. गृहस्थ आत आल्यावर "पिवळी हवी" एवढेच बोलले होते आणि मग त्यांनी पाणी मागितले होते. त्यांना आत सोडताना विक्रेत्याने तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या होत्या. गिऱ्हाईक मोठे आहे, असा तिने त्याचा अर्थ घेतला.

"दारावर हे जे वळण आहे ना, ते सावलीमुळे दिसतं. पिवळ्यावर सावली धरत नाही. एवढी गाडी आणि खेळण्यातली वाटते." तिने गडद राखाडी पाटी दोन बोटांनी त्यांच्यापुढे सरकवली. "हा बघा. हातात घ्या. जरा तिरपा धरा. वळण कसं पाण्यासारखं वाहतंय. आणि याचं आणखी एक आहे. गाडी रस्त्याशी एकजीव होते. कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही."

हे शेवटचे वाक्य तिचे स्वतःचे होते. एकोणीस वर्षांत ते घासून घासून गुळगुळीत झाले होते.

या शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या दोन आसनी गाड्या वर्षाला पन्नासेक जात. एकीसारखी दुसरी नसे. गिऱ्हाइकाने नव्वद रंगांतून बाहेरचा रंग निवडायचा, बत्तीस कातड्यांतून आसनांचे कातडे, मग शिवणीचा दोरा, पायाखालचा गालिचा, अगदी पट्ट्याचा रंगसुद्धा. एवढे समोर आले की भलीभली माणसे गोंधळून जात. त्यांना रंगखोलीत बसवून शेवटापर्यंत नेणे हे तिचे काम. कपड्यांची झाक पाटीवर पडू नये म्हणून ती कामावर फक्त करडे कपडे घाली. नखांना रंग नाही, बांगड्या नाहीत. कपाट उघडले की ढग भरून आल्यासारखे वाटते, असे तिचा नवरा म्हणे.

प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक कार्ड असे. आत येताना त्याने ज्या रंगाचे नाव काढले तो वर, 'पहिला शब्द' म्हणून. शेवटी ठरला तो खाली, गिऱ्हाइकाच्या सहीसह. पहिला शब्द लिहायची पद्धत तिनेच सुरू केली होती. दहांपैकी सात कार्डांवर वरचा आणि खालचा रंग वेगळा असे. शोरूममध्ये त्याला 'बाईंनी फिरवला' म्हणत. मागच्या वर्षी साहेबांनी सगळ्यांसमोर तो आकडा वाचून दाखवला होता आणि टाळ्या पडल्या होत्या.

गृहस्थांनी राखाडी पाटी हातात धरली होती. ते ती तिरपी करत नव्हते.

"हा आमच्याकडे होता," ते म्हणाले.

"अरे वा. आधीची गाडी आमच्याकडचीच का?"

"मुलाने घेतली होती." त्यांनी पाटी उपडी ठेवली. "गेला तो. पाच महिने झाले."

पुढचे त्यांनी फारसे न थांबता सांगितले, अनेकदा सांगून झालेले सांगावे तसे. त्यांचा पाण्याच्या टाक्या बनवण्याचा कारखाना होता. एकतीस वर्षांचा मुलगा तो सांभाळत होता. शाळेत असल्यापासून त्याला हीच गाडी हवी होती आणि ती पिवळीच हवी होती. रंग ठरवायला इथे येण्यापूर्वी त्याने घरी फोन केला. तेव्हा हे हसले. पिवळी घेतोस तर वर टॅक्सीचा दिवाही बसवून घे, म्हणाले. तोही हसला. पुढे गाडी आली ती राखाडी. त्यांनी काही विचारले नाही, त्याने काही सांगितले नाही.

मग एक संध्याकाळ. अजून उजेड होता, कुणी दिवे लावले नव्हते. चौकात विटांनी भरलेली लॉरी वळली.

"लॉरीवाला पळून नाही गेला," गृहस्थ म्हणाले. "त्यानेच उचलला त्याला. दवाखान्यात माझ्या शेजारी बसून होता. पोलिसांना एकच सांगत होता, मलाही तेच सांगितलं. गाडी दिसलीच नाही, म्हणाला. नुसता रस्ता दिसला."

रंगबाईचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"खोटं बोलणारा माणूस नव्हता तो," ते म्हणाले. "मी तेवढं हसलो नसतो तर." वाक्य त्यांनी तिथेच सोडले. आता पिवळी घ्यायची, दारात उभी करायची, एवढेच त्यांनी ठरवले होते. चालवणार कोण, हे बायको विचारत होती. गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला त्या गाडीत बसताही आले नसते.

ती उठली. कार्ड घेऊन येते, असे काहीतरी पुटपुटली आणि बाहेर आली.

विक्रेता दाराशीच होता. त्याला शोरूममध्ये सगळे टाय म्हणत, कारण बोलताना त्याचा हात सारखा गळ्यातल्या टायकडे जाई.

"तुला माहीत होतं?" तिने विचारले.

"सगळ्यांनाच होतं, बाई. खूण केली ना तुम्हाला. गाडी आपल्या सर्व्हिसवाल्यांनीच उचलून आणली. मागच्या शेडमध्ये दोन महिने ताडपत्रीखाली होती."

ती ताडपत्री तिने पाहिली होती. तिची स्कूटर शेजारीच लागे. एकदा हेल्मेट पुसायला फडके सापडेना म्हणून तिने ते ताडपत्रीच्या टोकाला पुसले होते.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्हाला सांगून काय होणार होतं? गाडी दारातून गेली की तुमचा काय संबंध?" तो खरोखरच न समजून विचारत होता.

ती कपाटाशी गेली. कार्ड सापडायला वेळ लागला नाही. पहिला शब्द: पिवळा. ठरला तो: गडद राखाडी. आत काळे कातडे, राखाडी दोरा. तीन दहा ते तीन पन्नास. अक्षर तिचेच होते, नीट, एका ओळीत. खाली त्याची सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

टायने तिच्या खांद्यावरून वाचले. त्याचा हात गळ्याशी गेला आणि थांबला.

"बाई, आत नेऊ नका हे," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांना वाटतंय त्यांच्या हसण्याने झालं. वाटू दे. उद्या वकील घेऊन आले तर साहेब आधी तुम्हाला घरी बसवतील. आणि सांगून तो परत येणारे का?"

त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. तिला मुलगा आठवत होता. निवड सोडून इतर सगळ्या गोष्टींवर बोलणारा, खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवणारा. ती झुलवू नका, असे तिने त्याला दोनदा सांगितले होते. कातड्याच्या नमुन्यांचा वास घेऊन तो म्हणाला होता, "हा तर आमच्या हेडमास्तरांच्या चपलेचा वास." त्या दिवशी घरी जाऊन तिने हे नवऱ्याला सांगितले होते. आणखी एक सांगितले होते, की आज एक हट्टी पिवळा फिरवला.

काचेतून गृहस्थ दिसत होते. ते तिन्ही पिवळ्या पाट्या एकमेकींना चिकटवून ठेवत होते, मग वेगळ्या करत होते.

ती आत गेली आणि कार्ड त्यांच्यासमोर ठेवले.

"काका, तुमच्या हसण्याने नाही झालं," ती म्हणाली. "तो आला तेव्हाही पिवळाच म्हणाला होता. हे वर लिहिलंय. टॅक्सीच्या दिव्याचंही सांगितलं मला. म्हणाला, बाबा हसले तर हसू देत, गाडी दारात आली की आधी तेच जाऊन बसतील." तिने खालच्या रंगावर बोट ठेवले. "मी फिरवला. मी त्याला राखाडीवर आणलं."

गृहस्थांनी खिशातून चष्मा काढला. चष्मा लावून कार्ड वाचले. मग सहीवरून अंगठा फिरवला, शेपटाच्या टोकापर्यंत. त्यांचा चेहरा तिला वाचता येईना. इतक्या वर्षांत या खुर्चीवर बसलेल्या माणसांचे चेहरे वाचणे हेच तिचे निम्मे काम होते.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे लगेच नाही ऐकलं त्याने."

"नाही. बराच वेळ नाही म्हणत होता."

"काय काय सांगितलंत त्याला?"

तिने सांगितले. काही गाळले नाही. पिवळा आकार खातो, हे सांगितले. सावली, वळण, खेळणे. दोन वर्षांनी कंटाळाल, असे म्हटले होते, ते सांगितले. शेवटी ते एकजीव होण्याचे वाक्यही तिने तसेच्या तसे म्हटले, आणि म्हणताना ते आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत असे तिला वाटले.

"हेच आत्ता मला सांगत होतात तुम्ही."

"हो."

खोलीतल्या दिव्यांचा बारीक गुणगुणता आवाज येत होता. हे दिवे तिनेच मागवले होते, रंग खरा दिसावा म्हणून. आता ते ओरडतील, साहेबांना बोलावतील, कार्ड फाडतील, यांपैकी काहीतरी होणार म्हणून ती उभी होती. तसे काही होईना, तेव्हा तिने टेबलाची कड धरली.

गृहस्थांनी कार्ड घडी न घालता वरच्या खिशात ठेवले. ही कार्डे शोरूमची होती, बाहेर जात नसत. तिने अडवले नाही.

"यांतला सगळ्यात लांबून कोणता दिसतो?" त्यांनी विचारले.

तिने तोंड उघडले. तांबूस कातड्याबरोबर कोणता पिवळा बसतो, कोणता ट्यूबलाइटखाली हिरवट मारतो, कोणत्यावर धूळ आधी दिसते, हे तिने झोपेतही सांगितले असते. हे मात्र तिला माहीत नव्हते. एकोणीस वर्षांत कुणी विचारले नव्हते आणि तिच्याही मनात कधी आले नव्हते. या खोलीत रंग हातभर अंतरावरून बघायचे असत.

"माहीत नाही मला," ती म्हणाली.

"मग बघू या."

ते उठले. तिन्ही पिवळ्या पाट्या तिने उचलल्या. शोरूममधून जाताना टाय पुढे झाला आणि त्यांची तोंडे पाहून बाजूला सरकला.

बाहेर हमरस्ता होता. ऊन उतरले होते, दिवे लागायचे होते. मालाच्या लॉऱ्या एकामागून एक जात होत्या. गृहस्थांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले आणि तिला फुटपाथच्या कडेशी उभे केले.

"ताई, इथून हलू नका," ते म्हणाले. "छातीशी धरा. मी खांबापाशी गेलो की एकेक दाखवा."

ते उजव्या पायावर जरा लंगडत निघाले. पहिल्या खांबाशी वळले. तिने तिन्ही पाट्या एकेक करून दाखवल्या. पहिलीला त्यांनी हात हलवून नकार दिला. तिने ती खाली पायाशी ठेवली. दुसऱ्या खांबाशी दोन दाखवल्या. तिथे ते बराच वेळ पाहत राहिले, पुन्हा दाखवा अशी खूण केली, मग एक बाद केली. उरली ती लिंबाच्या सालीसारखी, तिन्हींत सगळ्यात भडक. खोलीत ती फारशी कुणाला आवडत नसे. तिने स्वतःच ती दोनदा यादीतून काढायला सांगितली होती.

ते चालत राहिले. तिसऱ्या खांबाशी वळून त्यांनी हात वर केला. दिसतोय. चौथ्या खांबाशी पुन्हा वर केला. शोरूमच्या काचेशी टाय आणि आणखी दोघे येऊन उभे राहिले होते. कुणी तिला आत बोलावले नाही.

पाचव्या खांबापर्यंत त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. सहाव्याशी ते वळले असावेत. हात वर गेल्यासारखा तिला वाटला. नंतर रस्ता जरा उताराला लागत होता, उजेडही झपाट्याने कमी होत होता. सातव्या खांबाशी माणूस आहे की नुसता खांब, हे तिला सांगता येईना.

समोरून येणाऱ्या एका लॉरीने तिला पाहून वेग कमी केला, वळसा घातला आणि पुढे गेली.

पाटी खाली घ्यावी की नाही हे विचारायला जवळ कोणी नव्हते. तिला ते दिसत नव्हते, पण तिकडून तिच्या हातातला पिवळा दिसत असण्याची शक्यता होती. तिने पाटी दोन्ही हातांत धरली, डोक्याच्या वर नेली आणि उताराकडे तोंड करून उभी राहिली.