पहारेकऱ्याची कैफियत

गेमसाठी कथा कशा लिहायच्या हे शिकवणाऱ्या कॉलेजात धाकटी दुसऱ्या वर्षाला होती. धाकटी हे तिचं घरातलं नाव, पण वर्गातही तेच चिकटलं होतं. सत्राच्या शेवटी दोघादोघांनी मिळून वीस मिनिटांचा गेम करायचा होता. संवाद तिचे, चित्रं जोडीदाराची. जोडीदाराला सगळे ‘ड्रॅगनवाला’ म्हणत, कारण दोन महिने तो एकाच ड्रॅगनचे खवले रंगवत बसला होता. तो ड्रॅगन फाटकाच्या आत, फाटकावर पहारेकरी. पहारेकऱ्याला लोळवायचं, आत जायचं, ड्रॅगनशी लढायचं, संपलं.

मॅडमची अट एकच होती. जन्मात गेम न खेळलेल्या माणसाला तो खेळायला द्या, मागे बसून बघा आणि तोंडातून अवाक्षर काढू नका.

धाकटीने आत्याला बसवलं. आत्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर तीस वर्षं काढून नुकतीच निवृत्त झाली होती. चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून ती पडद्याशी भिडली.

“थांब! पुढे जाता येणार नाही,” पहारेकरी म्हणाला.

खाली उत्तराचे तीन पर्याय उमटले: ‘बाजूला हो’, ‘किल्ली दे’, ‘लढ’.

“अगं, यात ‘का’ कुठेय?” आत्याने विचारलं.

धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले.

आत्या पडद्यावर एक चक्कर मारून परत आली. “थांब! पुढे जाता येणार नाही.” असं सात वेळा झालं. आठव्यांदा तिने कीबोर्डवरचे हात काढले.

“बरं नाहीये का गं याला? तेच तेच बरळतोय.”

“आत्या, अगं मार ना त्याला!” धाकटीला राहवलं नाही. अट गेली खड्ड्यात.

“का म्हणून? ड्यूटी करतोय बिचारा. मी तरी काय केलं तीस वर्षं? ‘पुढच्या खिडकीवर जा.’ माणसं माझ्यावर खेकसायची. पुढच्या खिडकीवर काय चालतं, ते मलाही कोणी कधी दाखवलं नाही.”

धाकटी खो खो हसली आणि मग ओशाळली. आत्याला कामाबद्दल तिने कधी साधा प्रश्नही विचारला नव्हता. आता विचारला, तर आत्या दोन तास थांबेना. एका गृहस्थांनी म्हणे गळका नळच उपटून आणून तिच्या टेबलावर ठेवला होता, पुरावा म्हणून.

पुढचे चार दिवस धाकटीने पहारेकरी नव्याने लिहिला. त्याचे बूट चावत होते. बदलीचा माणूस कधीच वेळेवर येत नव्हता. एका वीराने तर मोडकी तलवार त्याच्या हातात कोंबून “बदलून द्या” असा हट्ट धरला होता. आणि आत काय आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांच्या संगणकासमोर रांग लागली. ड्रॅगनवाला छाती फुगवून उभा होता. तासाभराने त्याची छाती बसली. जो येई तो पहारेकऱ्याशी गप्पा मारत बसे, वीस मिनिटं संपत आणि पुढचा नंबर लागे. फाटक एकानेही ओलांडलं नाही.

“माझा ड्रॅगन!” तो धाकटीवर फिस्कारला. “नऊशे खवले आहेत त्याला! एक तरी बघितला का कुणी?”

मॅडमही शेवटी खेळून उठल्या तेव्हा त्यांनी डोळे टिपले. “मला आत जायचं होतं हो, पण याला एकट्याला टाकून पाय निघेना.” गुण चांगले दिले, पण सुधारणा करायला आठवडाही दिला.

ड्रॅगनवाला तीन दिवस बोलला नाही. मार्ग आत्यानेच काढला. “त्याला रजा दे ना, आणि खेळणाऱ्याबरोबर आत पाठव. मला कोणी नेलं असतं, तर मी धावत गेले असते.”

धाकटीने तसंच केलं. पहारेकऱ्याने खांद्याला पिशवी अडकवली, खेळणाऱ्याच्या मागोमाग तो आत शिरला आणि त्याने फाटकाला आतून कुलूप घातलं. नऊशे खवले बघून त्याची बोबडी वळली.

चौथ्या दिवशी ड्रॅगनवाला तिच्या शेजारी येऊन बसला. पडद्यावरच्या ड्रॅगनकडे त्याने बोट दाखवलं.

“याला पण दोन वाक्यं दे की,” तो हळूच म्हणाला.

“देते. पण हा बोलतो कसा?”

ड्रॅगनवाल्याचे कान लाल झाले. “हसू नकोस. मला वाटतं, तो जरा तोतरा आहे.”

धाकटी हसली नाही. तिने वही उघडली आणि विचारलं, “कधीपासून?”